कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

मंडळी, आज मी शिक्षा भोगून आलो, तरी मन भरून आलंय.

परवा तापाने फणफणलेल्या आईला सायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेत होतो. हावड्यात शिपायाने पकडलं. डबलसीटचा दंड भरायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि नाही भरला तर तुरुंग. मग आईकडे कोण बघणार?

आज कोर्टात गुन्हा कबूल केला. तेवढ्यात तोच शिपाई म्हणाला, "हुजूर, पीछे इनकी बीमार माँ थी."

मॅजिस्ट्रेटनी दंड माफ केला. "कोर्ट उठेपर्यंत इथे बसून राहा," एवढीच शिक्षा दिली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्याला जेवायला तरी बोलवायचंस!"

मी त्याचं नावही विचारलं नाही. आता त्याला कुठे शोधू, सांगा बरं?