साडूंचा वजिफा

आमच्या साडूंच्या मनासारखं झालं असतं, तर आज त्यांचं निम्मं नेकनूर गाव परदेशात असतं आणि उरलेलं निम्मं त्यांना विमानतळावर सोडायला गेलेलं असतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. स्वतःकडे पासपोर्ट नाही, विमान पाहिलं तेही शेतात उभं राहून, मान वर करून. पण कोणत्या देशात इंग्रजीतून पदवी मिळते, कुठं फी कमी, कुठं वसतिगृह स्वस्त आणि कुठलं सरकार बाहेरच्या पोरांना वर पैसे देऊन शिकवतं, हे सगळं तोंडपाठ. शिष्यवृत्ती हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते वजिफा म्हणायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेले, त्यांच्याकडून साडूंना वारशात मिळाला तो एवढा एक शब्द. "शिष्यवृत्ती म्हणलं की वह्या-पुस्तकापुरते पैशे डोळ्यापुढं येत्यात," ते म्हणत. "वजिफा म्हणलं की मानूस ताठ बसतो."

साडू गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव. पावसानं ओळीनं दगा दिल्यावर जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि संस्थेच्या केंद्राला टाळं लागलं. किल्ली मात्र साडूंकडे राहिली. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते केंद्र उघडायचे, रिकामे कॅन कोरड्या फडक्यानं पुसायचे, टेबलामागे बसायचे आणि मोबाईल काढायचे. ज्याचा जन्म दुधाचं फॅट काढण्यात गेला, त्याला काहीतरी तपासल्याशिवाय घास गोड लागत नाही. दूध नाही तर विद्यापीठं. एकदा शहरातला एजंट गुळगुळीत कागद घेऊन आला. लगेच प्रवेश, सगळं इंग्रजीत, फी हप्त्यानं. साडूंनी शांतपणे विचारलं, ही पदवी तिथलं सरकार मानतं का, आणि तिथं शिकलेल्या एखाद्या पोराशी बोलणं करून देता का. एजंट चहा अर्धा टाकून उठला. "पानी लई हाय ह्येच्यात," साडू म्हणाले. "फॅट लागायचं न्हाई."

त्यांना वेळकाळ म्हणून नव्हता. छावणीत एखादा म्हशीपुढं पेंढी टाकत असला, तर त्याला पोलंडातल्या पशुवैद्यकीच्या पदवीची माहिती द्यायचे. नारायणगडाच्या जत्रेला नेमानं जायचे, ते दर्शनाला नाही, रांगेत उभी असलेली पोरं आयती सापडतात म्हणून. चौसाळ्यात ओळखीच्या एका म्हाताऱ्याचा दहावा होता. पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. सगळे जीव मुठीत धरून बसलेले, आणि हे नातवाच्या कानाला लागून विचारतायत, "फिजिक्सला किती पडले बे?" नातवानं मार्क सांगितले आणि कावळा शिवला. म्हाताऱ्याचा जीव त्यातच अडकला होता, असं चौसाळ्यात अजून मानतात.

लोक त्यांना हो हो म्हणायचे आणि पोरगं पुण्याच्या कंपनीत धाडायचे. गेलं कुणीच नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "कशाला लोकांच्या लेकरांच्या मागं लागता? तुम्हाला नसती उठाठेव सांगितलीय कुणी?" त्यांनी मोबाईलवरून नजर न काढता सांगितलं, "भात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलतो, मास्तर. सातवीत पयला होतो. रस्ता झाला, शाळा तितंच राहिली." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आमच्या प्रज्ञाचं निघालं. माझी ही एकुलती लेक भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि जमिनीखालच्या पाण्याचा पुढचा अभ्यास करायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी चौसाळ्याच्या विनाअनुदानित शाळेतला मास्तर, म्हणजे पगाराचं विचारूच नका. वजिफा मिळाला तर शिक्षण, नाहीतर बी.एड. करून माझ्याच शाळेत माझ्यासारखीच अनुदानाची वाट बघायची. तिसरी वाट नव्हती. साडू आले, पाणी प्यायले आणि भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बोट केलं. "त्ये गेलते का न्हाई वजिफ्यावर? मग आपली पोर कावून जायची न्हाई?" आमच्या घरात त्या बोटापुढं कुणाची मात्रा चालत नाही.

त्यांनी निवडून आणलेल्या विद्यापीठांत जर्मनीतलं एक सगळ्यात खाली होतं. "बरं हाय. शिकवनी लावावी लागत न्हाई, येवडंच. ट्यूशन फ्री लिवलंय." तिकडचे मास्तर वर्गातच नीट शिकवतात, म्हणून पोरांना संध्याकाळी ट्यूशन लावायची वेळ येत नाही, हे त्या देशाचं कौतुक ते दोन वर्षं गावभर सांगत होते. प्रज्ञानं मोबाईल हातात घेतला, वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, तिथं फीच नाही." साडूंनी मोबाईल परत घेतला आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "मग आदी नीट लिवायचं न्हाई का त्यांनी."

फी सुटली, तरी राहण्या-खाण्याचा खर्च आ वासून उभाच होता. वजिफ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अर्जाला घरची परिस्थिती दाखवणारे कागद जोडा म्हणाले, तर साडूंनी आम्हाला न विचारता तलाठ्याकडून गावाच्या पैसेवारीचा दाखला आणून जोडला आणि वर स्वतःच्या इंग्रजीत एक ओळ लिहिली : अवर व्हिलेज इज बिलो फिफ्टी पैसे. हे आम्हाला कळलं ते थेट ऑनलाइन मुलाखतीत. साडूंच्या केंद्रात संस्थेचं इंटरनेट अजून चालू होतं, म्हणून प्रज्ञा तिथंच कॅनांच्या रांगेपुढं बसली होती. पडद्यावरच्या बाईंनी कागद वर धरून विचारलं, तुझ्या गावाची किंमत अर्ध्या रुपयाहूनही कमी आहे, असं हे का म्हणतात? आता पोरीचं शिक्षण गेलं, असंच मला वाटलं. साडू भिंतीला चिकटून उभे.

प्रज्ञा हसली. म्हणाली, गाव नाही, पीक. पूर्ण पिकाला रुपया धरतात. पन्नास पैशांच्या आत आलं, तरच सरकार दुष्काळ मानतं. आमच्याकडं दुष्काळ नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही, तो पैशांत बसावा लागतो. पण जमिनीखाली पाणी किती उरलंय, त्याची पैसेवारी कुणी काढत नाही. ती काढायला मला शिकायचंय. पलीकडे बाईंनी कागद खाली ठेवला आणि लिहून घ्यायला लागल्या. साडूंना त्या वेगाचं इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "फॅट लागलं का?"

लागलं. वजिफ्याची बातमी आली, तशी पेढे वाटायला म्हणून साडू सकाळच्या पहिल्या गाडीनं येतील असं आम्ही धरून चाललो. आले खरे, पण हात हलवत, आणि तोंड उतरलेलं. तिकडं थंडी फार असते म्हणे. हिवाळ्यात दुपार सरली की अंधार. आजारी पडली तर कोण बघणार. "आन डिग्री इंग्रजीत हाय, मास्तर, भाजीवाला न्हाई." बायको म्हणाली, "दाजी, तुमीच तर अख्ख्या गावाला परदेशी पाठवायला निघालता." ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "मी समद्यास्नीच म्हनतो. खरंच कोन जातंय?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायकोनं दोनदा ताट वाढलं, दोनदा उचललं.

निघताना प्रज्ञा साडूंच्या पाया पडली, तेव्हा सगळ्यांना त्यांच्या तोंडून काहीतरी मोठं ऐकायचं होतं. ते म्हणाले, "ट्यूशन लावू नगं." आणि पाठ फिरवून उगाच बॅगेचं कुलूप ओढून बघत राहिले.

आता त्यांच्या मोबाईलवर विद्यापीठं नसतात. तिच्या त्या एका गावचं हवामान असतं. टपरीवर चहा घेताना ते सांगतात, "आज बी पाऊस पडतोय तिकडं." लोक पेला हातात धरून वर बघतात. कुणीतरी म्हणतं, "वाया चाललाय बे समदा."

रविवारी आम्ही दोघं साडूंच्या केंद्रावर जातो, तिथल्या इंटरनेटवर प्रज्ञाचा फोन येतो. ती आईशी बोलते, माझ्याशी बोलते, आणि मग काकांना विचारते, आपल्याकडं पावसाचं काय. हा माणूस उभ्या हयातीत दुधाच्या फॅटमध्ये एक आकडा इकडचा तिकडं न करणारा. त्यापायी त्यांनी सख्ख्या भावाशी वैर घेतलंय. केंद्राच्या दारात उभे राहून ते रखरखीत निळ्या आभाळाकडे बघतात आणि सांगतात, "आबाळ आलंय, माय. लई आलंय." मग फोन माझ्याकडे देतात. "मास्तर हितंच हायती, इचार."

मी फोन कानाला लावतो. वर बघतो. म्हणतो, हो बाळा, आलंय.