खालच्या गटातली शाळा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नोकरीतली एखादी केस सांगा असं कुणी म्हटलं, की मला एका शाळेचा व्हॉलीबॉल संघच आठवतो. आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी एकटा पोलीस. मिनेसोटातल्या एका गावात मी डिटेक्टिव्ह होतो. गावाचं, शाळेचं, माणसांचं, कुणाचंच नाव इथे घेणार नाही.

सप्टेंबरातली सकाळ होती. आदल्या पाळीचे रिपोर्ट वाचून होतात न होतात, तोच समोरच्या काउंटरवरून निरोप आला, "एक बाई आल्यात. तुमच्याच भाषेत बोलायचंय म्हणतात."

बाई अमरावतीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे वर्षभरापूर्वी इथे आलेल्या. सोबत सोळा वर्षांची मुलगी.

"साहेब, हिचं नाव शाळेतून काढलं का हो? आमच्या कागदपत्रांत काही चुकलं असेल का?" बाईंनी विचारलं.

"आधी बसा, ताई. असं कोण म्हणालं?"

मुलगीच बोलली. "काका, मी व्हॉलीबॉल टीमसाठी साइन-अप करायला गेले. स्पोर्ट्स ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, तू आमच्या लिस्टवर नाहीस, दुसऱ्या सेंटरची स्टुडंट आहेस. पण मी लास्ट इयरपासून इथेच येते! ते सेंटर कुठे आहे तेही मला माहीत नाही."

कारकुनाची चूक म्हणून मी त्यांना परत पाठवू शकलो असतो. पण परक्या देशातून आलेलं कुटुंब पोलिसांच्या दारात सहजासहजी येत नाही, हे मला माहीत होतं. मी तक्रार नोंदवून घेतली आणि मुख्याध्यापिकांना भेटलो. त्याही चक्रावल्या. त्यांनी मागितलेली सगळी कागदपत्रं दिली.

त्यात बावीस अर्ज निघाले. 'माझा पाल्य दुसऱ्या केंद्रात पूर्णवेळ शिकणार आहे' असा मजकूर, खाली पालकाची सही. बावीसही मुलं परदेशातून आलेली, इंग्रजी शिकणाऱ्या वर्गातली.

हा उद्योग कशासाठी, ते मला एका सहकाऱ्याने समजावलं. त्याची मुलगी बास्केटबॉल खेळायची. इथे हायस्कूलचे संघ शाळेच्या पटसंख्येप्रमाणे गटांत विभागतात. लहान शाळेला अवाढव्य शाळेशी भिडावं लागू नये, हा हेतू. आमची शाळा दोन गटांच्या सीमेवर होती. नेहमीच्या शाळेऐवजी वेगळ्या शिक्षण केंद्रात जाणारी मुलं शाळेच्या पटात मोजत नाहीत. बावीस मुलं वजा केली की शाळा खालच्या गटात राहायची, आणि त्या गटात शाळेचा व्हॉलीबॉल संघ राज्यातला सर्वांत तगडा होता.

मी बाईंना पुन्हा बोलावलं, अर्ज समोर ठेवला.

"ही सही तुमची?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ताठ बसल्या. "नाही साहेब. मी सही मराठीत करते." पर्समधून पासपोर्ट काढून त्यांनी दाखवला. वळणदार देवनागरी सही. अर्जावरची इंग्रजीत होती.

आता ही कारकुनाची चूक राहिली नव्हती, बनावट सह्यांचा गुन्हा झाला होता. पुढचे आठ दिवस मी घरोघरी फिरलो. एकाही पालकाने तो अर्ज पाहिलेला नव्हता. उरलेला पुरावा आमच्याच ठाण्यातल्या कपाटात निघाला. शाळेत आग लागली किंवा हल्ला झाला तर काय करायचं याची कवायत झाली की शिक्षक वर्गनिहाय हजेरी घेतात आणि तिची प्रत आमच्याकडे येते. अर्जांनंतरच्या कवायतीत ती बावीस मुलं याच इमारतीत हजर होती.

शाळेच्या क्रीडा संचालकाला चौकशीसाठी बोलावलं. गावाचा लाडका माणूस. आमच्या शिपायांपैकी निम्मे त्याच्या हाताखाली खेळलेले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, त्याला गप्प राहण्याचा हक्क वाचून दाखवला. तो हसला. "ऑफिसमध्ये काहीतरी गोंधळ झाला असेल."

एका बाजूला अर्ज, दुसऱ्या बाजूला हजेरीचे कागद एकेक करून मांडत गेलो. नवव्या जोडीला त्याने हात वर केला.

"मीच केलं. पण कुणाचं नुकसान झालं? या मुलांपैकी एकही खेळत नाही. खेळत नाहीत त्यांना मोजायचं कशाला?"

"एक खेळायला आली होती," मी म्हटलं. "तुमच्या लिस्टवर नाही म्हणून परत पाठवलीत."

त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याने मान खाली घातली. मग सगळा जबाब दिला. पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, नोकरी गेली.

केस माझ्यापुरती संपली होती. पण बातमी फुटल्यावर तिसऱ्या दिवशी व्हॉलीबॉल संघाची कर्णधार ठाण्यात आली. सतरा वर्षांची उंच मुलगी, मागे अख्खा संघ. बाद फेरी आठवड्यावर आली होती आणि त्या एकही सामना हरलेल्या नव्हत्या.

"सर, खरं सांगा. आम्ही चुकीच्या गटात खेळतोय?"

"हो. पण चूक तुमची नाही. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा निर्णय यायला वेळ लागेल. तोवर तुम्ही खेळू शकता."

तिने मागे वळून मैत्रिणींकडे पाहिलं. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कुणी नकाराची मान हलवली नाही. "मग आम्ही माघार घेतो. पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळू."

इतक्या वर्षांत कितीतरी लोकांना मी सुटायची वाट शोधताना पाहिलं. समोर उघडी वाट असताना नाही म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

पुढच्या हंगामात वरच्या गटातला त्यांचा पहिला सामना मी पाहायला गेलो. समोर तिपटीने मोठी शाळा. माइकवरून खेळाडूंची नावं पुकारली जात होती. अमरावतीच्या मुलीचं नाव निवेदकाने पार मोडूनतोडून घेतलं. कर्णधार रांग सोडून त्याच्या टेबलापाशी गेली, वाकून काहीतरी म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. त्याने नाव पुन्हा, नीट घेतलं. मगच ती परतली.

सामना आम्ही हरलो. एक सेट मात्र जिंकला.

गुन्हेगाराच्या मागे कसं लागायचं, ते मी पोलीस अकादमीत शिकलो होतो. ज्यांची आठवण कुणी काढणार नाही असं गुन्हेगार धरून चालतो, आधी त्यांच्याकडे जायचं, हे या केसने शिकवलं. आणि 'आम्ही हरलो' हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्या अभिमानाने कधी उच्चारले नाहीत.