दुपारच्या पट्ट्या

मी आग्नेस. राहायला राजोडीला, कामाला होळी बाजाराच्या पुढच्या एका नर्सिंग होममध्ये. तिथे म्हातारी माणसं ठेवून घेतात, त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. माझी जीभ तिखट आहे म्हणतात. म्हणू देत. फर्डिनंड बाबांचं काय केलं ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

बाबा सांडोरचे. जन्मभर पानवेलीची वाडी केली. सकाळी विहिरीवर, दुपारी वेली केळीच्या सोपटाने काठीला बांधायच्या, रविवारचा मिस्सा कधी चुकवायचा नाही. बायको गेली, मुलगा कॅनडाला गेला, वाडीच्या जागी बिल्डिंग आली. विसरायला लागले तसं मुलाने त्यांना इथे आणून ठेवलं. स्वभाव असा गरीब, की आमटीत मीठ राहिलं तरी "बरी झालीय, बाय" म्हणणार. खोड एकच. जेवण झालं की चप्पल घालून निघायचे. कुठे विचारलं तर, "वेली बांधायच्या रायल्यात."

एकदा ते थेट सांडोरच्या नाक्यावर पोचले. कुणीतरी ओळखलं, रिक्षात घालून परत आणलं. झालं. नर्सिंग होम ज्यांचं, त्या डॉक्टरांनी फर्मान काढलं, जेवणानंतर बाबांचे हात खाटेच्या कठड्याला बांधायचे. जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या. आमचा वॉर्डबॉय केविन बांधायचा. मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "दुपारचा एक माणूस ठेवा, अंगणात फिरवेल त्यांना. गुरं आहेत का ती?" तर म्हणाले, "आग्नेस, तू तुझी भाजी बघ."

पहिले काही दिवस बाबा हात ओढून घ्यायचे. "पानवेल पन एवढी आवळून नाय बांधत रे," केविनला सांगायचे. पुढे तेही बंद झालं.

मग तपासणीचे नवीन नियम आले. आधीचे तपासणीवाले कागद बघायचे, आगीची सिलिंडरं बघायचे, चहा पिऊन जायचे. आता म्हणे ते पेशंटच्या खाटेशी बसून बोलणार, आणि कुणी बांधलेलं सापडलं तर लायसन्स जाणार. डॉक्टरांची नुसती धांदल. नवे पडदे, नव्या चादरी. वास नको म्हणून माझी सुकट बंद. म्हाताऱ्यांची रोज तालीम, "इथे कसं वाटतं?" विचारलं की "छान" म्हणायचं. ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं, त्यांना बालवाडीतल्या पोरांसारखं घोकायला लावलं.

आणि त्या पट्ट्या? त्या डॉक्टरांनी स्वतः माझ्याकडे आणून दिल्या. "तांदळाच्या पिंपामागे ठेव. तपासणी झाली की परत लागतील." परत लागतील म्हणे. झारा माझ्या हातातच होता, कसा आवरला मलाच ठाऊक.

तपासणीच्या मॅडम सकाळी येणार होत्या, आल्या जेवणानंतर. मला स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं होतं, पण दारातून वॉर्ड दिसतो. बाबांचे हात मोकळे होते, चप्पल खाटेखाली होती. मला वाटलं आता उठतील, चालायला लागतील. ते उठले नाहीत. मॅडम त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या, तशी बाबांनी दोन्ही मनगटं जोडून त्यांच्यापुढे धरली.

"काय झालं बाबा? हात दुखतायत का?" मॅडमनी विचारलं.

"नाय. जरा सैल बांध, बाय," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले. म्हणाले, "वय झालंय मॅडम, जुन्या वाडीचं काहीतरी बोलत असतात." अगदी सहज म्हणाले. म्हाताऱ्याच्या वाडीवर स्वतःचं पाप ढकलताना या माणसाची जीभही अडखळली नाही. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. पिंपामागचं गाठोडं काढलं, वॉर्डात गेले आणि मॅडमच्या मांडीवर ठेवलं.

"वाडीचं नाही, या पट्ट्यांचं बोलतायत ते," मी म्हटलं. "तुम्ही गेलात की परत लागणार आहेत."

डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नकोस." मी म्हटलं, "येणारच नव्हते."

मॅडमनी एक पट्टी उलगडली, केविनला जवळ बोलावलं आणि एकेक विचारायला लागल्या. डॉक्टर मध्ये मध्ये बोलत होते. बाबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांची मनगटं अजून तशीच पुढे धरलेली. मी ती खाली घेतली, ते पुन्हा वर करायला लागले, म्हणून मग मी हात धरूनच बसले.