भाऊंचा नाव टाकलेला पेला

माझे वडील दारू प्यायचे.

दर शनिवारी. व्हिस्की. दोन पेग, कधी तीन.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, शांत माणूस, कष्टाळू माणूस, देवमाणूस. होतेच. पण शनिवारचं कोणी लिहिलं नाही.

आज वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, भांडी घासून झाली. फार दमलेय, पण शनिवारचं मीच लिहिते.

आम्ही वडिलांना भाऊ म्हणायचो. धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जळगावहून रोज रेल्वेने जा-ये. घरी यायचे तेव्हा भुवयांत कापूस अडकलेला असायचा.

शनिवारी आंघोळ करून मागच्या दारी बसायचे. भाजलेले शेंगदाणे आणि एक स्टीलचा पेला.

स्टीलचाच का? तर शेजाऱ्यांना आतलं दिसत नाही म्हणून.

एका बाजूने चेपलेला होता तो. आई तो वेगळा घासायची आणि न्हाणीच्या खिडकीत पालथा घालायची, साबणाच्या वडीशेजारी. स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती.

मला ते लागायचं. अख्खं घर ज्याच्या जिवावर चालतं, त्याचा पेला न्हाणीत.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. मला टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. पहिला पगार हातात आला आणि ठरवलं, भाऊंचा बर्थडे करायचा.

बर्थडे म्हणजे एक जून. त्यांच्या पिढीत अर्धं गाव एक जूनलाच जन्मलं होतं, मास्तरांच्या कृपेने.

पण द्यायचं काय?

रुमाल, पेन, बनियन, सगळं सगळेच देतात. व्हिस्कीची बाटली परवडली नसती, आणि तेव्हा जळगावात मी त्या दुकानाच्या पायरीवर जरी उभी राहिले असते तरी मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली असती.

काचेचे ग्लास बघितले. छान होते. पण आईने ते शोकेसमध्ये ठेवले असते आणि पाहुण्यांना सरबत दिलं असतं.

मग भांड्यांच्या दुकानात गेले. जाड बुडाचा, चकचकीत स्टीलचा पेला घेतला. म्हटलं, यावर भाऊंचं नाव टाकायचं. नाव टाकलेलं भांडं कोण न्हाणीत ठेवेल?

दुकानदार मशीन हातात घेऊन म्हणाला, "ताई, कोणाकडून टाकू?"

"फक्त त्यांचं टाका."

"भेट आहे ना? मग देणाऱ्याचं नाव पाहिजेच."

आपल्याकडे तशीच पद्धत. मलाही आवडलंच ते. त्याने टर्रर्र करत टाकलं:

भाऊंना वाढदिवसाची भेट, कु. सुनंदाकडून.

भाऊंनी तो पेला हातात घेऊन दोनदा फिरवला. नेहमीच्या अहिराणीत म्हणाले,

"माझा कसला वाढदिवस? मास्तरनी टाकेल तारीख शे ती." मग जरा वेळाने, "पेला भारी शे."

मी म्हटलं, "शनिवारसाठी आहे."

भाऊ खाली बघत हसले. आई आत निघून गेली.

शनिवारी मी मागच्या दारी मुद्दाम डोकावले. भाऊंच्या हातात चेपलेला पेला.

माझा पेला स्वयंपाकघरात, मांडणीवर, पुढच्या रांगेत. पाणी प्यायला.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मी आईवर भडकले. "एवढ्या हौसेने आणला. शनिवारी का देत नाहीस त्यांना?"

आई म्हणाली, "मी नाही अडवलं. त्यांना विचार."

मी नाही विचारलं. खात्रीच होती मला. लग्न होऊन धुळ्याला गेले तरी हा राग मनातून गेला नाही. माहेरी आले की आईला टोचून बोलायचेच, "तुला त्यांचं सुख कधी बघवलं?"

ती ऐकून घ्यायची.

आई गेली. तेव्हाही तो राग थोडा होता. खोटं कशाला बोलू.

भाऊंची शेवटची दोन वर्षं अंथरुणावर गेली. डॉक्टरांनी शनिवार बंद केला होता. मी धुळ्याहून येऊन जळगावातच राहिले. मी वैतागायचे, त्यांच्यावर ओरडायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

एका दुपारी त्याच पेल्यातून त्यांना चमच्याने पाणी पाजत होते. सहज म्हटलं, "भाऊ, यातून पाणीच पिलात शेवटपर्यंत. आईने काही दुसरं पिऊ दिलं नाही."

भाऊंनी मान हलवली. नाही म्हणून.

"तुनी माय तर म्हणे, पोरनी हौसनी आणेल शे, एक डाव तरी घ्या यामा. मीच ऐकं नही."

"का पण?"

त्यांनी बोट पेल्यावरच्या अक्षरांवरून फिरवलं.

"तुनं नाव शे ना यावर. यामा दारू कशी टाकू?"

तीस वर्षं मी आईला बोलत होते. तिने एकदाही सांगितलं नाही.

आई, चुकलं माझं. हे तुला समोर सांगायचं राहिलं.

आज नैवेद्याच्या ताटात भाऊंच्या आवडीचं सगळं वाढलं. माझा धाकटा भाऊ विलास पेपरात गुंडाळून एक क्वार्टर घेऊन आला. "ताई, हेपण त्यांच्या आवडीचंच." आणि त्याने मांडणीवरून माझा पेला उचलला.

मी त्याच्या हातातून काढून घेतला. त्यात पाणी भरून फोटोपुढे ठेवलं.

मग न्हाणीत गेले. चेपलेला पेला अजून तिथेच होता, खिडकीत पालथा. आईनंतरही त्याची जागा कोणी बदलली नव्हती. घासला, पुसला, विलासला दिला.

"यात ओत."

संध्याकाळी दोन्ही पेले धुतले आणि मांडणीवर ठेवले, पुढच्या रांगेत, शेजारी शेजारी.

भाऊ, तुमचा पेला आजपासून स्वयंपाकघरात आहे. आईला सांगा.

आज वार कुठलाही असो. बसा निवांत.

तुम्हा दोघांना नमस्कार.