कवेलूवाल्या साहेबाचं लग्न

माझ्या सासऱ्याला आपण फ्रेंचाचे वंशज असल्याचा फार माज होता. त्याच्या आजोबाचा बाप म्हणे पाँडिचेरीहून कामठीला आला, कवेलूंची, म्हणजे छपराच्या कौलांची, भट्टी घातली, इथल्या बाईशी ख्रिस्ती देवळात लग्न केलं आणि इथेच मेला. पुरावा काय, तर घरातले घारे डोळे. सासऱ्याचे घारे, माझ्या नवऱ्याचे घारे, दिराच्या दोन्ही मुलींचे घारे.

माझी मुलगी काळी. डोळेही काळे. नवरा खापरखेड्याच्या वीजघरात कामाला होता. मुलगी झाली तेव्हा सासरा खाटेजवळ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बापानं खापरखेड्याहून कोळसा आणला, आन तू त्याची पोरगी केली काय वं?" सगळे हसले. नवराही हसला.

जेवायला दिराच्या मुली सासऱ्याच्या दोन बाजूंना बसायच्या. माझी आत, चुलीजवळ. "तिचं तोंड पाहिलं का मले घास जात नाही," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. पाच वर्षांची झाल्यावर ती न सांगता आपलं ताट उचलून आत जाऊ लागली. ते मला लागलं. पण माहेरी कोणी उरलं नव्हतं आणि मी शिकलेली चौथी. जाणार कुठे?

पाँडिचेरीच्या काही लोकांना फ्रान्सच्या नागरिकत्वाचे कागद मिळाल्याचं कोणीतरी सासऱ्याला सांगितलं. मग त्याने त्या फ्रेंच साहेबाच्या लग्नाची नोंद शोधायचं मनावर घेतलं. घाऱ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून हात धरायला मला नेलं.

देवळातला म्हातारा गोरा फादर जुनी वही काढून बराच वेळ पानं उलटत राहिला.

"लग्न नाही," तो म्हणाला. "बाप्तिस्मा आहे. मुलगा, तुमचे आजोबा. आई भट्टीवरची मजूर. बाप माहीत नाही."

"आन साहेबाचं नाव?"

"ते आहे. धर्मबाप म्हणून. बाप्तिस्म्याला पोर हातात धरणारा."

मला समजायला वेळ लागला नाही. आपलंच पोर हातात घेऊन साहेब उभा राहिला होता, आणि बाप कोण म्हणून विचारलं तेव्हा गप्प बसला होता.

सासरा म्हणाला, "बापाच्या जागी आता लिहून टाका ना, फादर." फादरने वही मिटली.

परतताना बसमध्ये सासरा माझ्या कानाशी आला. "घरी सांगू, लग्नाची नोंद सापडली."

"सांगीन. पण पोरगी उद्यापासून तुमच्या उजव्या हाताले बसन."

"कोणाची पोरगी?"

"माझी. कोळशाची."

"तू मले धमकावून राहिली काय वं?"

"हो, मामाजी."

दुसऱ्या दिवशी मुलगी त्याच्या उजव्या हाताला बसली. मी एवढ्यावर थांबू शकले असते. थांबले नाही.

मुलीला त्या लग्नाचं वेडच लागलं. "आबाजी, लग्नात बँड होता?" होता. "नवरीचा झगा पांढरा होता?" पांढरा होता. भट्टीवर चिखल तुडवणाऱ्या बाईला त्याने रोज नवा झगा घातला. आणि मी भात वाढताना रोज एकदा म्हणायचे, "पोराच्या बाप्तिस्म्याचं सांगा ना, मामाजी. धर्मबाप कोण होता?" त्याचा घास तोंडातच राहायचा. जाऊ म्हणायची, ही आता घराण्यात रमली बरं.

दोनेक महिन्यांत त्याची हाडं दिसू लागली. एका दुपारी मी भाताचं पातेलं घेऊन बाहेर आले, तर त्याने ताट उचललं, भिंत चाचपत आत गेला आणि चुलीजवळच्या मुलीच्या जुन्या पाटावर बसला. मुलगी मागे धावली.

"आबाजी, तिकडं बसा ना. लग्नाचं सांगा."

"मले इथंच बरं."

मी मुलीला बाहेर तिच्या जागेवर पाठवलं. मग त्याच्या ताटात भात वाढला.

"वरण देऊ, का धर्मबापाचं सांगता?"

"वरण दे," तो म्हणाला.

मरेपर्यंत तो तिथेच जेवला. चुलीचा धूर सरळ त्याच्या डोळ्यांत जायचा. पाट थोडा सरकवला असता तर धूर लागला नसता. मी सरकवला नाही.