मावशीजी, मला काहीतरी काम द्या

आमच्या चर्चला दर हिवाळ्यात परदेशातून पाहुण्यांची टीम येते. दहा-बारा दिवस राहतात, संडे स्कूलच्या मुलांना गाणी शिकवतात, काहीबाही रंगवतात, आणि जाताना बॅगा जड होतात म्हणून अर्धे कपडे इथंच वाटून जातात. आमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांत फरशी परदेशी टी-शर्टनं पुसली जाते. पण कपड्यांपेक्षा जास्त मागे राहतात ते किस्से. मी एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. मग आमचे हे म्हणतात, "कुणीतरी चहा ठेवा, ही आता तासभर थांबत नाही."

आधी मी कोण ते सांगते. वडील नगरकडचे, रेल्वेत फिटर म्हणून झाशीला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म झाशीचा, नोकरी झाशीची, नवरा मिळाला तोही रेल्वेचाच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. रेल्वेच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची, म्हणून पाहुणे आले की दुभाषी मीच. चर्चमधली पोरं मला मावशी म्हणतात, मोठी माणसं अदबीनं पुढे जी लावतात, अशी मी सगळ्या जगाची मावशीजी झाले. टीम आपण सांभाळतो असं पास्टरसाहेबांना वाटतं. वाटू दे.

हे जे सांगतेय ते न्यूझीलंडहून आलेल्या टीमचं. त्यांची पुढारी मार्गारेट, शिस्तीची, हातात कायम टाइमटेबल. टॉम हा गाईंच्या दुधाचा धंदा करणारा शेतकरी, एवढा आडदांड की आमच्या दारातून वाकून यायचा. आणि एलन, तिशीची नर्स. बाकी चार-पाच जण होते, फार चांगले होते, पण त्यांचे किस्से झाले नाहीत.

पहिल्याच दिवशी एलन माझ्या स्वयंपाकघरात आली. इथल्या एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलींना शिकवायला दोन वर्षं याल का, असं तिला विचारलं होतं. परत गेल्यावर तिला उत्तर द्यायचं होतं. ती म्हणाली, "इथं माझा काही उपयोग आहे का, ते मला या दिवसांत बघायचंय. उपयोग असेल तर येईन, नसेल तर उगाच कशाला? मावशीजी, मला काहीतरी काम द्या."

मी म्हटलं, "आधी चहा संपव." झाशीत पाहुण्याला काम मिळणं किती अवघड असतं ते मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

*

पहिलं जेवण माझ्याकडे. आता त्यांच्याकडे ताटात काही टाकलं तर तो यजमानाचा अपमान. आपल्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर आपली शोभा. हे दोन्ही नियम त्या दिवशी टॉमच्या ताटात भेटले.

टॉमनं पुऱ्या संपवल्या, मी वाढल्या. त्यानं पुन्हा ताट पुसून लख्ख केलं, मी पुन्हा वाढलं. गाजराच्या हलव्यापर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता. डिसेंबरात. एलन उठली आणि म्हणाली, "मी वाढते, तुम्ही बसा." मी तिला खांदा धरून खाली बसवलं. शेवटी आमचे हे म्हणाले, "अगं, मरेल तो."

मी टॉमला म्हटलं, "अरे, नको होतं तर सांगायचं की."

तो म्हणाला, "मला वाटलं, पातेलं रिकामं होईपर्यंत इथं उठत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मार्गारेटनं सगळ्यांना ओळीत बसवून ताटावर आडवा हात धरायची प्रॅक्टिस करून घेतली. टाइमटेबलात त्याला वेगळी वेळ दिली होती.

*

त्याच टाइमटेबलात रोज सकाळी 'एकांत' असायचा. प्रत्येकानं आपलं बायबल घेऊन लांब बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. एलन कंपाउंडमधल्या कडुनिंबाखाली डोळे मिटून बसली.

आमच्याकडे बाईमाणूस एकटं, गप्प, वर डोळे मिटून बसलं म्हणजे कारणं दोनच. डोकं दुखतंय नाहीतर घरची आठवण येतेय. हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांनी तिला बघितलं. एक जण येऊन शेजारी टेकली. मग दुसरी आली. तिसरीनं काही विचारलंच नाही, घरून मोहरीच्या तेलाची बाटली आणली आणि एलनच्या डोक्याला चोळायला लागली. "बिन्नू, रोओ मत," एवढंच म्हणाली. बिन्नू म्हणजे इकडच्या बुंदेलीत लाडाची पोर.

मार्गारेट धावत माझ्याकडे आली. "तिचा एकांत चालू आहे. त्यांना प्लीज सांगा."

मी गेले. एलन मान मागे टाकून सुखात बसली होती. डोळे न उघडता म्हणाली, "त्यांना उठवू नका. पण मीही त्यांच्यासाठी काहीतरी करते म्हणावं. मी त्यांचं डोकं चोळते."

बायकांना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मेहमान से सिर दबवाएँगे? पाप लगेगा, मावशीजी."

*

मग भिंतीचं काम निघालं. संडे स्कूलच्या खोलीची भिंत दर टीम रंगवते. भिंतीला काही झालेलं नसतं, पण पाहुण्यांना रंगवायला काहीतरी लागतं, आणि ही सोयीची आहे, सावलीत आहे, कुणाच्या वाटेत येत नाही.

एलननं जुना रंग खरवडायला घेतला. पिवळ्याखाली गुलाबी निघाला, गुलाबीखाली निळा, निळ्याखाली हिरवा. तिनं मला हाक मारली. "मावशीजी, ही भिंत रंगवतात तरी किती वेळा?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, चांगलं येतं. पण त्या पोरीशी बोलवलं नाही. मी म्हटलं, "दर वर्षी. तुमच्यासारखे लोक लांबून येतात, त्यांना काम हवं असतं."

ती हातातली खरवडायची पट्टी धरून उभी राहिली. "म्हणजे आमची काही गरज नाही."

"भिंतीला नाही," मी म्हटलं. तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात पास्टरसाहेब मागून आले आणि खुशीत म्हणाले, "तो इस बार कौन सा रंग?"

एलननं तरी ती भिंत पूर्ण रंगवली. हाती घेतलेलं अर्धवट सोडणारी ती नव्हतीच.

*

आणि मग जे सगळ्यांचं होतं ते एलनचं झालं. पोट बिघडलं. सदर बाजारात चाट खाल्ली होती की पाणी बाधलं, देव जाणे, पण नर्सबाई माझ्या पलंगावर आडव्या झाल्या.

ही खबर आमच्या शेजारच्या गोडबोलेकाकूंना लागली. त्यांचं घराणं पेशवाईत कारभार बघायला झाशीत आलं, म्हणजे आमच्यापेक्षा बरंच सीनियर, आणि काकू ते आम्हाला विसरू देत नाहीत. त्या मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊनच आल्या.

"गोरी पोर, केस मोकळे सोडून बाजारभर हिंडली. दृष्ट लागेल नाहीतर काय?"

मी म्हटलं, "काकू, आमच्यात हे करत नाहीत."

"मग तू करू नकोस. मी करते," असं म्हणून काकूंनी मूठ ओवाळायला सुरुवातही केली. एवढ्यात दारात पास्टरसाहेब. पास्टरसाहेबांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी पास्टरसाहेबांकडे बघितलं, पण मूठ काही थांबली नाही. मग पास्टरसाहेब पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. काकूंनी आवाज चढवला. मध्ये एलन, एकदा इकडे बघतेय, एकदा तिकडे. वर मार्गारेट ओआरएसचा ग्लास घेऊन आली आणि उशाशी उभी राहिली.

संध्याकाळी एलन उठून बसली आणि मऊ भात मागितला. पास्टरसाहेब म्हणाले, "प्रभु ने सुन ली." मार्गारेट म्हणाली, ओआरएस. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिरच्या जाळल्या तर ठसकासुद्धा लागला नाही. केवढी दृष्ट होती बघ. बाकीच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

एलन भात खाता खाता म्हणाली, "मी लोकांची काळजी घ्यायला आले होते. इथं सगळी गल्ली माझीच काळजी घेतेय." म्हणाली हसून, पण हसू काही टिकलं नाही.

*

मंडळीतल्या एका कुटुंबाचं शेत मोठ नावाच्या गावी आहे, कानपूरच्या रस्त्यावर. मटारची तोडणी चालू होती म्हणून त्यांनी सगळ्या टीमला बोलावलं. एलन गाडीतून उतरली ती थेट शेतात. बाह्या वर करून शेंगा तोडायला लागली. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, पोरीला काम मिळालं.

घरच्या अम्मांनी ते खाटेवरून बघितलं आणि सुनांवर कडाडल्या, "मेहमान खेत में लगी है और तुम लोग खड़ी देख रही हो?" झालं. सगळ्या सुना आपापल्या टोपल्या टाकून एलनला आणायला धावल्या. तिला खाटेवर बसवलं, एक जण शेंगा सोलून दाणे तिच्या हातावर ठेवतेय, दुसरी गुळाचा खडा देतेय, तिसरी नुसतीच कौतुकानं बघतेय. ती उठायला गेली की पुन्हा बसवायच्या. त्या दुपारी त्या शेतात फारशी तोडणी झालीच नाही. शेजारच्या खाटेवर टॉम आडवा होता. तो म्हणाला, "एलन, सोड. मी तर ताटावर हात धरणंही सोडून दिलंय."

परतताना एलन माझ्या शेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं उत्तर ठरलं, मावशीजी. मी येणार नाही. मी मदत करायला गेले की चार लोकांचं काम थांबतं."

मी तिची समजूत घातली नाही. घालणार कशी, आज खरंच थांबलं होतं.

*

शेवटच्या रविवारी मुलांसाठी नाटुकलं होतं, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. एका वाटसरूला चोर मारून रस्त्यात टाकतात. देवळातला याजक त्याला बघून पुढे जातो. त्याचाच जोडीदार लेवी येतो, तोही बघून जातो. तिसरा येतो शोमरोनी, ज्याच्या जातीला हे देवळातले लोक तुच्छ लेखायचे, आणि तो थांबून त्याच्या जखमा बांधतो. मार्गारेट याजक झाली. लेवीचं काम पास्टरसाहेबांनी हौसेनं मागून घेतलं. वाटसरू टॉम आणि शोमरोनी एलन. ती मला म्हणाली, "निदान नाटकात तरी कुणाला मदत करीन." चांगल्या चार पट्ट्या नीट गुंडाळून ती कडुनिंबामागे जाऊन उभी राहिली.

परदेशी पाहुण्यांनी कंपाउंडच्या बाहेर धर्माचं काही करायचं नाही, हा पास्टरसाहेबांचा नियम. म्हणून रस्ता म्हणून फाटकाच्या आतली मोकळी जागा घेतली. रक्त म्हणून काकूंनी पायाला लावायचा लाल आलता दिला, टॉमच्या डोक्यावर मीच ओतला. मार्गारेटनं त्याला बजावलं होतं, काहीही झालं तरी हलायचं नाही आणि डोळे उघडायचे नाहीत.

याजक नाक वर करून गेला. लेवी घड्याळ बघत गेला. आणि त्याच वेळी फाटकासमोर सवारी उतरवणाऱ्या एका ऑटोवाल्यानं आत बघितलं. एवढा मोठा गोरा माणूस रक्तात पडलाय आणि एक मेमसाहेब आणि खुद्द पास्टर त्याच्या बाजूनं निघून चाललेत.

"अरे, आदमी मर रहा है," म्हणत तो आत शिरला. मागे भाजीचा ठेला सोडून ठेलेवाला आला, अजून दोन जण आले. मी ओरडतेय, "भैया, नाटक है, नाटक," पण मुलांना हे फारच आवडलं होतं आणि टाळ्यांत माझं कोण ऐकतंय. टॉम आज्ञाधारक. तो जितका ढिला पडला तितके ते घाबरले. चौघांनी त्याला उचलला आणि ऑटोत घातला. पट्ट्या घेऊन एलन मागून धावत आली. "दीदी, पट्टी बाद में, पहले बैठो," ऑटोवाला म्हणाला. ती बसली, तिच्यामागून मीही कशीबशी घुसले. टॉमचे पाय बाहेरच राहिले.

सदर बाजारात गर्दीत ऑटो अडकली. टॉमनं एक डोळा उघडला आणि हळूच विचारलं, "मावशीजी, हे नाटकात आहे का?"

ऑटोवाल्यानं मागे वळून बघितलं. आता याला काय सांगायचं? मी सगळं सांगितलं. त्यानं ऑटो कडेला घेऊन बंद केली, टॉमच्या कपाळावरचा आलता बोटानं पुसला, वास घेतला. मला वाटलं, आता हा आमची खरडपट्टी काढणार, आणि काढली असती तरी त्याचं चुकलं नसतं.

तो म्हणाला, "फिर आगे क्या होता?"

मी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. दोघं बघून जातात, तिसरा थांबतो.

"तीसरा कौन बना था?"

मी एलनकडे बोट केलं. त्यानं हात जोडले. "माफ करना दीदी, आपका काम हमने कर दिया." मग ऑटो वळवून परत चर्चकडे घेतली. थोडं पुढे गेल्यावर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "आंटीजी, कहानी अच्छी है, पर एक बात समझ में नहीं आई. वो पहले वाले दो जने रुके क्यों नहीं?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय आणि कित्येक वर्षं मुलांना सांगतेय. पण एकाही मुलानं मला हे विचारलं नव्हतं. तो काय म्हणाला, असं एलननं विचारलं, तेव्हा मी तिला शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. ती मांडीवर सुटलेली पट्टी पुन्हा गुंडाळत बसली.

फाटकाशी ऑटो थांबली. टॉम उतरला, मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एलन मात्र आतच बसून होती. तिनं मला विचारलं, "मावशीजी, उपयोग नसला तरी थांबता येतं ना? दोन वर्षांत मला हिंदी येईल का?"