सगळं धरून

आमच्या दोन्ही घरांत समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता, तरी त्यावरून कसं जावं याबद्दल माझी आणि माझ्या साडूंची मतं अत्यंत ठाम होती.

मी तेव्हा जळगावला पाईपच्या कारखान्यात खरेदी विभागात होतो. तिथे टाचणीचा डबा घ्यायचा तरी दोन-तीन ठिकाणांहून दर मागवून तुलनात्मक तक्ता करावा लागे. माझे साडू भास्करराव धुळ्याला बांधकाम खात्यात. तिथे तर निविदा उघडल्याशिवाय खुर्ची या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकत नसे. अशा दोन माणसांच्या पदरात एकाच घरच्या दोन बहिणी पडल्या, यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष? (त्यांच्या वडिलांनी मात्र तक्ता केलेला नसावा.)

त्या हिवाळ्यात आमच्या मुलीचं लग्न उरकलं. शेवटचा पाहुणा गेला आणि आमची सुमन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली ती उठेचना.

"कुठे जाऊन यायचं का चार दिवस?" मी विचारलं.

"कुठेही न्या," ती म्हणाली. "मला फक्त एवढंच पाहिजे की ताट समोर यावं आणि ते मी वाढलेलं नसावं."

धुळ्याला अक्कांनी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनेही भास्कररावांना जवळपास हेच सांगितलं होतं. दोघींनी मिळून कुठेतरी वाचलं होतं की मुंबईहून एक बोट निघते, कोकण किनाऱ्याने गोव्याला जाते, परत आणते आणि पाच दिवस चहा-नाश्ता-जेवण सगळं त्यातच धरलेलं असतं. ठरलं. चौघांनी बोटीने जायचं.

आता इथे कोणीही शहाणा माणूस तिकीट काढून मोकळा झाला असता. पण बोटीची सहल विकणारे एक एजंट जळगावात होते आणि एक धुळ्यात. दोन एजंट म्हटल्यावर माझ्या हाताला आपोआप पट्टी आणि पेन्सिल लागली.

पहिल्या रविवारी मी जळगावच्या एजंटना घरी बोलावलं. एरवी ते चारधामच्या बस सोडायचे. समुद्र त्यांनीही छापील पत्रकातच पाहिला होता.

"खोलीला खिडकी आहे?"

"आहे ना साहेब. गोल."

"उघडते?"

"बोटीची खिडकी कशाला उघडायची साहेब?"

मी तक्त्यात 'हवा: असमाधानकारक' असं लिहिलं. बोलता बोलता जेवणाची वेळ झाली. हिवाळ्यात आमच्याकडे आलेला माणूस भरीत-पुरी खाल्ल्याशिवाय जात नाही, तसा रिवाजच आहे. सुमनने वांगी भाजली, पुऱ्या तळल्या. एजंटनी दोनदा भरीत मागून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, एवढ्यात ठरवू नका. मी परत येतो. निवांत बोलू."

पुढच्या रविवारी आम्ही धुळ्याला. तिथे भास्कररावांनी त्यांचे एजंट बसवून ठेवलेले. मी पडलो साडू, म्हणजे मानाचा पाहुणा. अक्कांनी सकाळपासून खापर तापवून मांडे केले. मांडे काय असतात हे ज्याने केले त्यालाच माहीत. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची. अक्का घामाघूम झाल्या होत्या, सुमन शेजारी बसून पुरण भरत होती आणि बाहेर आम्ही 'सर्व समावेशक' या शब्दांत उलटीची गोळी समाविष्ट आहे की वेगळी, यावर तासभर चर्चा करत होतो.

"उशी एक की दोन?" भास्कररावांनी विचारलं.

"एक."

"जळगाववाले दोन देतात," मी म्हणालो. (ते असं काहीही म्हणाले नव्हते. पण गावाचा प्रश्न होता.)

असे आमचे रविवार जाऊ लागले, एक जळगावला, एक धुळ्याला. कधी शेवभाजी, कधी डाळबट्टी, कधी पुन्हा भरीत. एजंटांची तब्येत सुधारली. परतताना एसटीत सुमन खिडकीला डोकं टेकून झोपायची आणि मी शेजारी बसून तक्त्यात नवा रकाना आखायचो. एकदा तिने डोळे न उघडता विचारलं, "अहो, बोट तोवर थांबेल ना?" मला वाटलं, तिला खरंच शंका आहे. मी तिला वेळापत्रक समजावून सांगितलं.

शेवटी निकाल लावायला मी दोन्ही एजंटना एकाच वेळी जळगावला बोलावलं. धुळ्याहून भास्करराव आणि अक्का आले. बैठकीत सतरंजी, मधे दोन पत्रकं, भोवती आम्ही चौघे पुरुष. आत दोघी बहिणींचं लाटणं आणि तळणं चालू. मी तक्ता वाचायला घेतला. लांबी, मजले, जेवणाचा हॉल, खिडक्या. चौथ्या मुद्द्याला धुळ्याच्या एजंटनी जळगावच्यांचं पत्रक उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"अहो, ही आपलीच बोट की."

"कुठली आपली?" जळगावचे म्हणाले.

"हीच. तुम्ही फोटो पुढून छापलाय, आम्ही मागून."

दोघांनी पत्रकं शेजारी शेजारी धरली आणि एकमेकांना टाळी दिली. बोट एकच, खोल्या त्याच, उशी एकच. इतके रविवार आम्ही एका बोटीची तिच्याशीच तुलना करत होतो!

तेवढ्यात एजंटांची भरीत-पुरीची ताटं आली. खरं तर इथेही थांबता आलं असतं. पण भास्कररावांना गप्प बसवेना. "बोट एकच असू द्या. आमटी कशी असते?"

"चांगली असते. जरा गूळ घालतात," धुळ्याचे एजंट म्हणाले.

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं, मी भास्कररावांकडे. आमटीत गूळ!

"आणि भाजीवर तेलाचा तवंग?" मी विचारलं.

"तो नसतो साहेब. सगळ्या गावचे लोक असतात बोटीवर."

मग आमच्या दोघांचं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एकमत झालं. जेवण वगळून तिकीट घ्यायचं. ठेचा, शेव, दशम्या, लोणचं घरून न्यायचं आणि एक लहान स्टोव्ह.

"स्टोव्ह? बोटीवर?" दोघे एजंट एकदम म्हणाले.

"बारीक ठेवू," भास्करराव म्हणाले.

आत तळण्याचा आवाज थांबला. गॅस बंद केल्याचा आवाज आला. सुमन पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे अक्का.

"म्हणजे बोटीवरही मीच?" सुमनने विचारलं.

"तू एकटी कशाला?" मी तिला समजावलं. "अक्का आहेत ना मदतीला."

हे मी धीर द्यायला बोललो, देवाशपथ. पण जेवणाऱ्या एजंटांचाही घास हातात राहिला. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने पदर डोळ्यांना लावला. बोलल्या त्या अक्का. चिडल्या की अक्का शहरी बोली सोडून सरळ अहिराणीवर येतात.

"बठ्ठं धरीसन शे ना?" त्यांनी एजंटांना विचारलं.

"हो अक्का, सगळं. चहासुद्धा धरून."

"मंग दोन नाव लिखी ल्या. हिन्हं नि मन्हं."

"आणि आमची?" भास्करराव म्हणाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"कोणाकडे लिहू, वहिनी?" जळगावच्या एजंटनी विचारलं.

"ज्याचं पेन आधी निघेल त्याच्याकडे," सुमन म्हणाली.

पेन धुळ्याचं निघालं. जळगावचा हात भरतात होता. इतक्या रविवारांच्या प्रश्नाचा निकाल दोन बायकांनी पुरी गार व्हायच्या आत लावला.

त्यांना गाडीत बसवायला आम्ही दोघे स्टेशनवर गेलो. सुमन खिडकीत बसून अक्कांशी बोलत हसत होती. इतकी हसताना मी तिला मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तिच्या जाण्याचं नव्हे, हे इतकं सोपं होतं याचं.

भास्करराव धुळ्याला गेलेच नाहीत, कारण तिथेही चूल विझलेलीच. ते माझ्याकडे राहिले. आमच्या भागात दोन खानावळी होत्या. पहिल्या दिवशी आम्ही एकीत जाऊन पापड धरून की वेगळा, हे विचारलं. मग दुसरीत गेलो. तिथे लोणचं धरून होतं पण भात वेगळा. परत पहिलीकडे आलो तर ती बंद झाली होती. त्या दिवशी आम्ही चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी भास्कररावांनी कागद मागितला.

दोघी परत आल्या त्या उन्हाने रापलेल्या आणि चांगल्या भरलेल्या.

"आमटीत गूळ होता का?" मी दारातच विचारलं.

"होता."

"मग?"

"मग काय? गोड लागली." सुमन खुर्चीत बसली, पाय लांब केले. "तुमची खानावळ कुठली ठरली?"

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. चिवड्याचा डबा टेबलावर रिकामा पडला होता.

"बरं, निदान चहा तरी टाका," ती म्हणाली.

मी लगबगीने आत गेलो. फळीवर चहाचे दोन पुडे होते. दोन्ही फोडलेले. मी ते दोन्ही हातात घेऊन बाहेर आलो आणि यातला कोणता टाकू, असं सुमनला विचारणार, एवढ्यात भास्करराव म्हणाले, "असं करू. आधी दोन्हींचा थोडा थोडा करून बघू."

मला ते पटलं.